बटाटा की भेंडी?

सगळ्यात आधी एक कबुली. काही महिन्यांपूर्वी मी साडेनऊ हजार रुपये मोजून एका चकचकीत हॉलच्या रबरी फरशीवर आडवी झाले. डोळ्यांपुढे काजवे, कानात शिट्ट्या, तोंडाला कोरड. आणि समोरच्या भिंतीवरच्या भल्यामोठ्या स्क्रीनवर माझ्या नावाच्या चौकोनात छान हिरवा रंग लुकलुकत होता. हिरवा म्हणजे काय? तर म्हणे, मॅडम अजून जोर लावत नाहीयेत!

थांबा, मधूनच नको. पहिल्यापासून सांगते.

या पानावर नियमित येणाऱ्यांना माझी वजनगाथा एव्हाना पाठ झाली असेल. ११२ किलोवरून ७१. एकोणीस महिने. ऑपरेशन नाही, पावडरी नाहीत, सात दिवसांत सात किलोवालं ते कोबीचं सूपही नाही. मोजून जेवण, ऑफिसातल्या प्रत्येक बर्थडे केककडे पाठ आणि रोज सकाळी तासभर चालणं. बस्स. एक्केचाळीस किलो! आमच्या सोसायटीच्या वॉचमनकाकांनी एकदा मला गेटवर अडवून 'कुणाकडे जायचंय?' असं विचारलं होतं. तो दिवस माझ्या आयुष्यातल्या टॉप फाइव्हमध्ये आहे.

पण मंडळी, वजन उतरल्याची स्टोरी सगळे सांगतात. त्यानंतरची कुणी सांगत नाही. त्यानंतर काय होतं? पहिले तीन-चार महिने लोक 'अय्या, किती बारीक झालीस!' म्हणतात. मग त्यांना सवय होते. तुम्हाला मात्र होत नाही. मी अजूनही थिएटरमध्ये रांगेतून जाताना तिरकी होऊन जाते. लग्नाच्या हॉलमध्ये प्लास्टिकची खुर्ची आधी हाताने दाबून बघते. आणि आमच्या माळ्यावर एक भलीमोठी पिशवी आहे. त्यात माझे सगळे जुने कुर्ते आणि ट्रिपल एक्सेल पॅन्टी. आई दर महिन्याला म्हणते, 'अगं, भांडीवालीला देऊन टाकू, एवढ्या कापडात कुकर येईल.' मी म्हणते, 'राहू दे गं सध्या.' सध्या म्हणजे काय, ते आम्ही दोघीही बोलत नाही.

आणि मग गेल्या पावसाळ्यात काटा हलला. ७१ चे ७२. गणपतीनंतर ७३. दिवाळीच्या आधीच ७४.६. चालणं तेवढंच, जेवण तेवढंच (बरं, जवळपास तेवढंच!), तरी काटा वरच. रात्री झोप उडाली माझी. तुम्हाला हसू येईल, पण ज्याने एक्केचाळीस किलो उतरवलेत ना, त्याला साडेतीन किलो परत येणं म्हणजे गेलेला पाहुणा बॅगा घेऊन पुन्हा दारात दिसण्यासारखं आहे.

यात माझा आळस कमी आणि हिशेब जास्त आहे, हे मला नंतर कळलं. ११२ किलोचं शरीर तासभर चालवायला जेवढं इंधन लागतं, तेवढं ७१ किलोला लागत नाही. स्कूटरला ट्रकइतकं डिझेल कसं लागेल? शिवाय उतरतं ती नुसती चरबी नसते, बरोबर थोडा स्नायूही जातो. आणि शरीर महा चिकट, ते बसल्या जागीचा खर्चही कमी करतं. अमेरिकेत 'द बिगेस्ट लूझर' नावाचा वजन उतरवण्याचा टीव्ही शो होता. त्यातल्या चौदा स्पर्धकांना संशोधकांनी सहा वर्षांनी पुन्हा तपासलं. २०१६ साली तो अभ्यास छापून आला. शोमध्ये सरासरी ५८ किलो उतरले होते, त्यातले ४१ परत आले होते. आणि विश्रांतीच्या वेळी त्यांचं शरीर दिवसाला जेवढ्या कॅलरी जाळायला हवं होतं, त्यापेक्षा सुमारे पाचशे कमी जाळत होतं. सहा वर्षांनंतरसुद्धा! हे वाचून मी सरळ लॅपटॉप मिटला आणि ऑफिसच्या वाटेवर ज्या क्लासचं होर्डिंग रोज दिसायचं, त्यांना फोन लावला.

हाय इंटेन्सिटी इंटरव्हल ट्रेनिंग. लाडाचं नाव हिट. थोडा वेळ जीव खाऊन व्यायाम, थोडा वेळ दम खायचा, पुन्हा जीव खाऊन. होर्डिंगवर लिहिलं होतं, कमी वेळात जास्त फॅट बर्न. मला आणखी काय हवं होतं?

क्लासमध्ये सगळे पंचविशीतले. मी चौतीस. हातात बँड बांधले, त्यावरून प्रत्येकाचे हार्टबीट स्क्रीनवर. निळा, हिरवा, केशरी, लाल. केशरी आणि लालमध्ये राहिलात की टाळ्या. ट्रेनर म्हणाला, 'आज तबाता!' म्हणजे वीस सेकंद फुल स्पीड, दहा सेकंद थांबा, असं आठ वेळा. आणि वीस सेकंदांत करायचं काय, तर बर्पी. खाली बसा, पाय मागे फेका, छाती जमिनीला, पाय पुढे, उडी!

आता या दोन नावांबद्दल मला नंतर जे कळलं, ते सांगायचा मोह आवरत नाही. तबाता हे जपानच्या एका संशोधकाचं आडनाव. इझुमी तबाता. जपानच्या स्पीड स्केटिंग टीमचा कोच ही पद्धत वापरायचा, ती यांनी १९९६ साली अभ्यासून मांडली. अभ्यासातली मुलं तरुण आणि आधीच तयारीची. व्यायाम सायकलवर, उडी एकही नाही. आणि जोर इतका, की सात-आठ फेऱ्यांत माणूस पार रिकामा व्हावा. आणि बर्पी? तेही आडनावच! रॉयल बर्पी नावाच्या एका अमेरिकन गृहस्थांनी १९३० च्या दशकात माणूस किती फिट आहे हे तपासायला ती कृती बसवली. मूळ कृतीत शेवटची उडीसुद्धा नव्हती. म्हणजे बघा, स्केटिंगवाल्यांची सायकल आणि परीक्षेचा पेपर एकत्र करून आम्हाला रोजचा गृहपाठ म्हणून दिला होता.

पहिल्या फेरीत मला जाणवलं ते भलतंच. माझ्या पोटावरची कातडी. मोठं वजन उतरलेल्यांना सांगायला नकोच. चरबी जाते, पिशवी राहते. चालताना ती गुमान बसते. उडी मारली की मी वर गेले तरी ती खाली, आणि मी खाली आले की ती वर! चटाक चटाक आवाज. म्युझिक मोठं होतं म्हणून ठीक, नाहीतर मी तिथेच मेले असते लाजेनं. (ज्यांना उपयोग होईल त्यांच्यासाठी: कंबरेच्या वरपर्यंत येणारी घट्ट टाइट्स, एक साइज कमीची नव्हे, बरोबर मापाची. आणि मांड्यांना, काखेत व्हॅसलिन. हे कुठल्याच क्लासमध्ये सांगत नाहीत.)

चौथ्या फेरीला छाती धडधडायला लागली. पाचव्या फेरीला डोळ्यांपुढे अंधारी. मी गुडघ्यांवर हात टेकून थांबले. ट्रेनरने स्क्रीनकडे बोट केलं, 'कम ऑन मॅडम, एकशे एकवीस! ग्रीनमध्येच आहात अजून! यू आर नॉट इव्हन ट्रायिंग!' सगळ्यांनी वळून पाहिलं. आणि ११२ किलोच्या बाईला आयुष्यभर जे ऐकू येत आलंय तेच मला ऐकू आलं. आळशी. मी सहावी फेरी केली. सातवीला फरशी दिसली ती जवळून.

शुद्ध गेली नव्हती, तेवढं सुदैव. पण रिक्षात बसताना एकच विचार मनात. बाबा. त्यांना पहिला अटॅक आला तेव्हा ते बावन्न वर्षांचे होते आणि जिन्यात होते. तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मध्ये.

घरी काही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी हाफ डे टाकून डॉक्टरांकडे गेले. आमचे डॉक्टर म्हणजे कमी बोलणारे. त्यांनी बीपी घेतलं. १००/६४. मग माझी फाइल उघडली आणि चष्मा काढून म्हणाले, 'ही मेटोप्रोलॉल तुम्ही अजून घेताय? तेवढीच?'

घेत होते की! ११२ किलोची असताना बीपी वाढलं म्हणून त्यांनीच दिलेली. वजन उतरलं, कपडे बदलले, चपलेचा नंबरसुद्धा अर्ध्याने कमी झाला, पण सकाळची गोळी तीच. तपासणीला म्हणून मी दीड वर्ष गेलेच नव्हते. बरं वाटतंय तर डॉक्टरकडे कोण जातं?

आणि आता ऐका गंमत. ही गोळी बीटा ब्लॉकर जातीची. तिचं कामच मुळी हृदयाचे ठोके आवरून धरणं. म्हणजे मी मरणाची धावले तरी ठोके त्या मानाने वाढणार नाहीत. स्क्रीनचा तो हिशेब असतो २२० वजा वय. माझे झाले १८६. त्याचे पंच्याऐंशी टक्के म्हणजे १५८ वगैरे गाठले की शाबासकी. पण हा हिशेब मुळातच ढोबळ, आणि ही गोळी घेणाऱ्याला तर लागूच नाही. माझे १२१ म्हणजे माझ्यापुरता लालभडक होता. बिचाऱ्या स्क्रीनला काय माहीत? आणि ट्रेनरने फॉर्मवर विचारलं होतं, 'एनी मेडिकल कंडिशन?' मी ऐटीत लिहिलं होतं, 'नो.' कारण मी आता बारीक होते ना!

डॉक्टरांनी तीन गोष्टी केल्या. गोळी कमी केली, पण टप्प्याटप्प्यानं. ही एकदम बंद करायची नसते, उलटते, असं दोनदा बजावलं. मनाचे श्लोक म्हटल्यासारखं मीही ते तुम्हाला बजावते. दुसरं, रक्त तपासलं. हिमोग्लोबिन ९.८! मोजून जेवण्याच्या नादात मी लोह मोजलंच नव्हतं. आणि तिसरं म्हणजे टीएमटी. छातीला वायरी लावून ट्रेडमिलवर चालायचं आणि दर तीन मिनिटांनी स्पीड आणि चढ दोन्ही वाढतात. माझ्या मनात बाबा आणि तो जिना. दहाव्या मिनिटाला टेक्निशियन म्हणाली, 'अजून जमेल का ताई?' मी म्हटलं, 'थोडं.' रिपोर्ट नॉर्मल आला तेव्हा मी तिथल्या बाकावर बसून रडले. त्या ताईंनी मला बिस्किटं दिली. मी खाल्ली. दोन.

निघताना डॉक्टर एकच वाक्य बोलले. 'तुम्ही वजन कमी केलंत, छान केलंत. पण दम वाढवला नाहीत.'

बघा ना, मराठीत किती नेमका शब्द आहे. दम. फॅट बर्न होईल म्हणून मी तिथे गेले होते, आणि चार मिनिटांच्या तबातात धड एक वडापावसुद्धा जळत नाही. काटा खाली ठेवायचा असेल तर जेवण आणि रोजचं चालणं याला पर्याय नाही, वर स्नायू राखायला थोडं वजन उचलणं. हिटचं खरं काम दुसरंच. हृदयाने एका मिनिटात जास्त रक्त पाठवायला शिकणं. ११२ किलो जगवताना माझं हृदय सतत ओझं वाहत होतं, पण पळायला त्याला कुणी शिकवलंच नव्हतं.

मग मी वाचत सुटले. आणि सापडला नॉर्वेतल्या ट्रॉन्डहाइमचा अभ्यास. २००७ सालचा. माणसं किती, तर सत्तावीस. सरासरी वय पंचाहत्तर आणि सगळ्यांचं हृदय अटॅकनंतर कमजोर झालेलं. त्यांतल्या काहींना डॉक्टरांच्या देखरेखीखाली इंटरव्हल ट्रेनिंग दिलं. चार मिनिटं जोरात, तीन मिनिटं हळू, असं चार वेळा. आठवड्याला तीनदा, बारा आठवडे. त्यांची ऑक्सिजन वापरायची ताकद ४६ टक्क्यांनी वाढली. एका लयीत हळू चालणाऱ्यांची १४ टक्क्यांनी. आता मला सांगा, पंचाहत्तर वर्षांचे आजोबा बर्पी मारत होते का? छे! ते ट्रेडमिलवर चढण चढत होते. चालत!

म्हणजे 'हाय' हे आपल्या आपल्या दमाच्या मानानं हाय. शेजारच्या पंचविशीतल्या पोरीच्या नव्हे.

पुण्यात चढण शोधायला साडेनऊ हजार लागत नाहीत. पर्वतीला १०३ पायऱ्या आहेत, फुकट आहेत आणि पेशव्यांच्या काळापासून आहेत. रुंद, उथळ, दगडी. गोळी कमी होऊन, लोहाच्या गोळ्या सुरू होऊन सहा आठवडे गेल्यावर डॉक्टरांनी हिरवा कंदील दिला. (हा हिरवा मात्र चांगला!) मंगळवार आणि गुरुवार, सकाळी सहा. मध्ये दिवस सोडायचा, कारण शरीराला सावरायला वेळ लागतो. आधी दहा मिनिटं सारसबागेच्या बाजूने नुसतं चालायचं. मग एक मिनिट झपाझप वर. पळायचं नाही, पायऱ्या गाळायच्या नाहीत. मग सावकाश खाली, दोन मिनिटं किंवा श्वास जागेवर येईपर्यंत. उतरताना तर अजिबात घाई नाही. गुडघ्याला आणि मांडीला खरा त्रास उतारच देतो. पहिल्या आठवड्यात चार फेऱ्या. तेवढ्यानेही दुसऱ्या दिवशी ऑफिसात खुर्चीवर बसताना 'आई गं' निघायचं. शेवटी पाच मिनिटं रमतगमत. घेरी टाळायची असेल तर जोरात चढून एकदम थांबायचं नाही.

ठोके मोजायचा बँड घरी. मग जोर किती लावायचा ते कळणार कसं? त्याला साधी परीक्षा आहे, बोलण्याची. आरामात पूर्ण वाक्य बोलता आलं तर जोर कमी. एखाद-दुसराच शब्द निघाला तर बरोबर. काहीच निघालं नाही तर जास्त झालं, वेग उतरवा.

ही परीक्षा मी एकदा जेवताना घरी सांगितली. बाकीचंही सांगितलं. फरशी, गोळी, टीएमटी, सगळं. आई काही बोलली नाही. भांडी आवरली. आणि मंगळवारी पहाटे साडेपाचला बघते तर ही बूट घालून दारात उभी. 'मलाही चालायला हवंच आहे,' म्हणाली. आई अडुसष्ट वर्षांची. चालायला हवंच आहे, हे ती गेली वीस वर्षं म्हणतेय.

तर आता आमचं असं चालतं. आई एका कडेने आपल्या चालीनं एकेक पायरी चढते. मी तिच्या बाजूने झपाझप वर जाते. आणि मी शेजारून गेले की ती विचारते,

'आज भाजी काय करू? बटाटा की भेंडी?'

पहिल्या फेरीत मी म्हणते, 'भेंडी कर, पण कालच्यासारखी चिकट नको, आणि दाण्याचं कूट घाल.' आई म्हणते, 'फार बोलतेयस. पाय उचल.' दुसऱ्या फेरीत, 'भेंडी कर.' तिसऱ्या-चौथ्या फेरीत, 'भेंडी.' पर्वतीवर रोज येणाऱ्या एका टोपीवाल्या आजोबांनी मागे विचारलंसुद्धा, 'वहिनी, तुमच्याकडे दुसरी भाजी होत नाही का?'

आता सात फेऱ्यांपर्यंत आलेय. मिनिटाला पूर्वी जिथवर पोचायचे त्याच्या पंचवीसेक पायऱ्या पुढे जाते. ऑफिसची लिफ्ट परवा बंद होती, सहावा मजला. वर पोचल्यावर मी फोनवर बोलत होते आणि बोलणं थांबलं नव्हतं, हे मला जागेवर बसल्यावर लक्षात आलं. वजन? आज सकाळी ७३.८. म्हणजे फार काही नाही. छाती धडधडली की अजूनही क्षणभर बाबांचा जिना आठवतो. पण आता धडधड आणि अंधारी यांतला फरक कळतो. दोन्ही एकच वाटायची मला इतके दिवस.

गेल्या गुरुवारची गोष्ट. शेवटची फेरी होती, जरा जास्तच जोशात होते मी. आई मध्यावर होती. मी शेजारून गेले, तिनं विचारलं, 'बटाटा की भेंडी?' आणि माझ्या तोंडून शब्दच निघाला नाही. हात हलवला आणि वर गेले. वर पोचून, कंबरेवर हात ठेवून, फेऱ्या मारत श्वास घेतला. मस्त वाटत होतं. खाली पाहिलं तर आई त्याच पायरीवर. कठड्याला घट्ट धरून, मान वर करून माझ्याकडे बघत. एक पाऊल पुढे नाही की मागे नाही.

मी सावकाश उतरून तिच्यापाशी आले.

'भेंडी,' मी म्हटलं.

'मग तेव्हाच सांगायचं ना,' ती म्हणाली आणि कठडा सोडला.

तेव्हापासून नवा नियम झालाय. एक शब्द तरी द्यायचाच, नाहीतर फेरी रद्द. आणि उतरताना तिनं पुन्हा पिशवीचा विषय काढला. भांडीवाली रविवारी येते म्हणे. मी कुर्ते द्यायला हो म्हटलंय. पॅन्टींचं अजून बघू.